एकाच वॉर्डातले दोन रुग्ण, मग औषधाला न जुमानणारा जंतू एकालाच का?

अनुत्तरित

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. आतड्याला पीळ पडल्यामुळे त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर ते सहा दिवस व्हेंटिलेटरवर होते, मानेजवळच्या मोठ्या शिरेत एक नळी होती आणि लघवीची नळी अकराव्या दिवसापर्यंत तशीच होती. अकराव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. लघवीच्या आणि रक्ताच्या, अशा दोन्ही कल्चरमध्ये (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू निघाला. रिपोर्टवर अठरा औषधांची नावे होती आणि त्यांपैकी पंधरांसमोर ‘आर’, म्हणजे ‘प्रतिरोधक’, हे अक्षर होते. कोलिस्टिन या प्रतिजैविकासमोर ‘आय’ असे लिहिले होते; त्याचा अर्थ मला आजही नीट कळलेला नाही. वडील आता घरी आले आहेत, अशक्तपणा आहे, पण जेवतात आणि फिरतात.

माझ्या मनातून एक गोष्ट मात्र जात नाही. शेजारच्या खाटेवरील गृहस्थांचीही त्याच दिवशी आतड्याचीच शस्त्रक्रिया झाली होती. ते वयाने वडिलांपेक्षा मोठे होते, तरी सहाव्या दिवशी चालत घरी गेले. वॉर्ड तोच, परिचारिका त्याच, डॉक्टरही तेच. मग हा जंतू आमच्याच वाट्याला का आला?

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण त्यांचा संबंध असावा अशी मला शंका आहे. शस्त्रक्रियेच्या दोन महिने आधी वडिलांना लघवीचा संसर्ग झाला होता आणि त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या दोनदा दिल्या गेल्या. पहिल्या वेळी बरे वाटले म्हणून त्यांनी तिसऱ्या दिवशीच गोळ्या थांबवल्या, दुसऱ्या वेळी पूर्ण सात दिवस घेतल्या. दुसरे असे की, रुग्णालयात चौथ्या दिवशी न्यूमोनियाच्या संशयावरून मेरोपेनेम हे प्रतिजैविक सुरू झाले. थुंकीच्या तपासणीत पुढे काही निघाले नाही, तरी ते इंजेक्शन ताप येईपर्यंत चालूच होते.

जोखीम घटकांच्या याद्या मी वाचल्या आहेत. वय, मधुमेह, आयसीयू, नळ्या, आधीची प्रतिजैविके, मुक्कामाचे दिवस: सगळेच त्यांत असते आणि सगळेच सारख्याच वजनाचे वाटते. कोणत्या घटकाने नेमके काय होते आणि त्यांतले टाळता येण्यासारखे काय होते, हे कोणी समजावून सांगेल का? त्या तीन दिवसांत थांबवलेल्या गोळ्यांचा दोष वडील अजूनही स्वतःकडे घेतात, म्हणून हे विचारणे मला आवश्यक वाटले.

सूक्ष्मदर्शक

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि असे रिपोर्ट रोज सही करून पाठवतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी ठाम निदान न करता, अशा प्रसंगी सहसा काय घडते तेवढेच सांगतो.

आधी ‘आय’ विषयी. ते ‘इंटरमीडिएट’ या शब्दाचे आद्याक्षर आहे. ज्या अमेरिकी मानकांप्रमाणे अनेक प्रयोगशाळा रिपोर्ट देतात, त्यांत २०२० पासून कोलिस्टिनसाठी ‘एस’, म्हणजे ‘संवेदनशील’ (औषधाला दाद देणारा), हा शेराच ठेवलेला नाही. फक्त ‘आय’ आणि ‘आर’ हे दोनच उरले आहेत. औषध पूर्ण मात्रेत दिले तरी त्याचा गुण बेताचाच येतो आणि मूत्रपिंडावर ताण पडतो, हे लक्षात घेऊन तसे करण्यात आले. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरील ‘आय’ हा कोलिस्टिनला मिळू शकणारा सर्वांत चांगला शेरा होता.

आता मूळ प्रश्न. याद्या वाचून गोंधळ होतो, कारण दोन वेगळ्या घटनांचे जोखीम घटक त्यांत एकत्र कालवलेले असतात. पहिली घटना म्हणजे प्रतिरोधक जंतू शरीरात येऊन तेथे मुक्काम ठोकणे. क्लेबसिएलाच्या बाबतीत हा मुक्काम मुख्यतः आतड्यात असतो. तेथे तो महिनोन्महिने राहिला तरी माणसाला ताप येत नाही, दुखत नाही, काही कळतही नाही. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो. दुसरी घटना म्हणजे त्याच जंतूने आतडे सोडून मूत्राशय, फुप्फुस किंवा रक्त यांत शिरणे आणि आजार करणे. पहिल्या घटनेला प्रतिजैविके, वाहक रुग्णांचा शेजार आणि हाताळणारे हात कारणीभूत ठरतात, तर दुसरीला नळ्या, जखमा, व्हेंटिलेटर आणि खालावलेली प्रतिकारशक्ती. दोन्ही घडल्या तरच तुमच्या हातात आला तसा रिपोर्ट येतो. शेजारच्या गृहस्थांच्या आतड्यातही कदाचित तोच जंतू असेल. त्यांची लघवीची नळी लवकर निघाली असेल, तर त्याला वर चढायला वाट मिळाली नसेल. त्यांचे कल्चर कोणी केले नाही, म्हणून ते कधी कळणारही नाही.

प्रतिजैविकांचे काम येथे दुहेरी असते. निरोगी आतड्यात असंख्य जिवाणू दाटीवाटीने राहतात. त्यांतील प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू नव्या पाहुण्याला पाय रोवू देत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी मेट्रोनिडॅझोल दिले की नेमके हेच राखणदार कमी होतात. मग मेरोपेनेमसारखे व्यापक औषध उरलेल्या संवेदनशील जंतूंना मारते, आणि ज्याला त्या औषधाने काही होत नाही, त्याला मोकळे मैदान मिळते. औषधाने प्रतिरोध ‘निर्माण’ केला असे सहसा नसते; तो आधीच थोड्या जंतूंत असतो, औषध त्याची निवड करते. ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे लोक म्हणतात, पण सवय शरीराला होत नाही. बदलते ती आतल्या जंतूंची लोकसंख्या.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा मेरोपेनेमशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. क्लेबसिएलाकडे प्लास्मिड नावाची डीएनएची वर्तुळे असतात आणि एकाच वर्तुळावर चार-पाच गटांच्या औषधांना निष्प्रभ करणारी जनुके शेजारी-शेजारी बसलेली असू शकतात. त्यामुळे एका औषधाच्या माऱ्यात टिकलेला जंतू दुसऱ्या, कधीच न दिलेल्या औषधालाही दाद देत नाही. ही वर्तुळे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जातात, हा त्यातला खरा त्रासाचा भाग आहे.

वडिलांना मात्र हे जरूर सांगा, की तीन दिवसांत गोळ्या थांबवल्यामुळे हे घडले असे मानायला फारसा आधार नाही. क्षयरोगासारख्या आजारांत उपचार अर्धवट सोडणे घातक असते; तेथील तर्क वेगळा आहे. साध्या लघवीच्या संसर्गात आतड्यातील जंतूंवर निवडीचा दाब पडतो तो औषध जितके दिवस पोटात जाते तितके दिवस. जोखीम वाढवली असेलच, तर ती दोन महिन्यांत दोनदा घेतलेल्या एकूण औषधाने वाढवली, लवकर थांबवण्याने नव्हे.

रात्रपाळी

मी आयसीयूमध्ये परिचारिका म्हणून अनेक वर्षे काढली आणि आता संसर्ग नियंत्रणाचे काम पाहते. वरचा प्रतिसाद पटला. पण ‘हाताळणारे हात’ हे दोन शब्द लिहून त्यांनी जे उरकले, त्यावर माझे अख्खे आयुष्य गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लघवीची नळी घातली की प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू दिसू लागण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. अकरा दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूवर जंतूंचा एक बुळबुळीत थर धरतो. या थरात बसलेल्या जंतूपर्यंत औषध पुरेसे पोचत नाही, आणि म्हणूनच नळी तशीच ठेवून नुसते इंजेक्शन बदलत राहणे हे भांडे न घासता त्यात नवे दूध ओतण्यासारखे आहे. नळी घालताना सगळे हातमोजे, निर्जंतुक कापड, सगळे काही पाळतात. खरी चूक पुढे होते, कारण ती का ठेवली आहे हे चौथ्या दिवशी कोणाला आठवत नाही. आमच्याकडे आता रोज सकाळच्या फेरीत प्रत्येक नळीवर बोट ठेवून ‘ही आज कशासाठी?’ असे विचारण्याची पद्धत आहे. उत्तर देताना डॉक्टर अडखळले, की नळी निघते. पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी असे कोणी विचारत नसे. तेथे मी एका रुग्णाची नळी एकोणीस दिवस राहिलेली पाहिली आहे, आणि ते आजोबा सातव्या दिवसापासून स्वतः उठून संडासला जात होते.

आता रात्री अडीचची वेळ डोळ्यांसमोर आणा. एका परिचारिकेकडे तीन रुग्ण आहेत. ती पाच नंबरच्या खाटेची लघवीची पिशवी रिकामी करत असताना सहा नंबरच्या व्हेंटिलेटरचा गजर वाजतो. ती धावते, नळीतील कफ ओढते, गजर थांबतो, रुग्णाचा जीव वाचतो. हातमोजे तेच होते. तिला दोष द्यायचा, तर त्या रात्री तिच्या वाट्याला तीन रुग्ण का होते हेही विचारले पाहिजे. कर्मचाऱ्यांची अपुरी संख्या हा जोखीम घटक रुग्णाच्या कागदावर कधीच लिहिलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले. त्यांतला रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतरचा जो पाचवा क्षण, तो वारंवार चुकतो. माणसाला हात लावला की हात धुवावेसे वाटतात, खाटेच्या कठड्याला लावला की वाटत नाही.

कठड्यावरून आठवले. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे जिवंत राहतो. त्यामुळे तुमच्या आधी त्या खाटेवर कोण होते हासुद्धा एक जोखीम घटक आहे. स्यूडोमोनास आणि क्लेबसिएला ओलावा पसंत करतात. हात धुण्याच्या बेसिनचा निचरा हे त्यांचे आवडते घर. ज्या बेसिनवर आम्ही शुद्ध होण्यासाठी जातो, तेथूनच शिंतोडे उडतात, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा हसावे की रडावे समजेना.

संख्याशोध

मी साथरोगशास्त्रातील आकडेवारीचे काम करतो. ‘सगळे सारख्याच वजनाचे वाटते’ ही मूळ लेखिकेची तक्रार अगदी योग्य आहे आणि तिचे कारण बऱ्याचदा अभ्यासांच्या रचनेत सापडते.

मुक्कामाचे दिवस हा घटक घ्या. जवळजवळ प्रत्येक अभ्यासात तो ठळकपणे येतो. पण जास्त दिवस राहिल्याने संसर्ग होतो, तसेच संसर्ग झाल्याने मुक्काम लांबतो, म्हणून संसर्ग होण्याआधीचे दिवसच मोजले पाहिजेत. तेवढे केले तरी तो दिवस स्वतः काही करत नाही. प्रत्येक दिवसाबरोबर एखादी सुई, एखादी मात्रा, एखादा स्पर्श येतो, आणि दिवस ही केवळ त्यांची बेरीज असते. वयाचेही बरेचसे तसेच आहे. वयाची सत्तरी हे कारण कमी आणि खूण जास्त. सत्तरीच्या माणसाने आधी किती वेळा रुग्णालय पाहिले, किती औषधे घेतली, याची ती खूण असते.

दुसरा घोटाळा तुलनेच्या गटाचा. प्रतिरोधक क्लेबसिएला झालेल्यांची तुलना जर संवेदनशील क्लेबसिएला झालेल्यांशी केली, तर मेरोपेनेमचा दोष प्रत्यक्षाहून मोठा दिसतो. ज्यांना मेरोपेनेम मिळाले, त्यांच्या शरीरातील संवेदनशील जंतू औषधानेच मेलेले असतात आणि म्हणून ते रुग्ण संवेदनशील जंतूंच्या गटात सहसा येऊच शकत नाहीत. तुलना करायची तर त्या वेळी त्याच वॉर्डात असलेल्या, संसर्ग न झालेल्या रुग्णांशीही करावी लागते. यादीतील आकडा वाचण्याआधी ‘कोणाशी तुलना केली?’ हे विचारायला हवे. मी तर तो परिच्छेद आधी वाचतो आणि निष्कर्ष नंतर.

तिसरी गोष्ट भाकिताची. समजा, हजार रुग्णांपैकी ५० जणांना प्रतिरोधक संसर्ग आहे आणि जोखीम घटकांवर आधारलेला एखादा नियम त्यांपैकी ४० जणांना बरोबर ओळखतो. मात्र उरलेल्या ९५० पैकी १९० जणांनाही तो चुकून ‘जोखमीचे’ ठरवतो. हा कल्पित हिशेब आहे, पण असे नियम प्रत्यक्षात याहून फार चांगले नसतात. आता ज्या २३० जणांवर शिक्का बसला, त्यांच्यापैकी खरोखर प्रतिरोधक जंतू असलेले ४०, म्हणजे साधारण सहातील एक. उलट, ज्या ७७० जणांना नियमाने सोडले, त्यांच्यातील फक्त १० जण निसटले. म्हणजे जोखीम घटक नसतील तर व्यापक औषध टाळायला हा नियम उपयोगी पडतो, पण घटक आहेत म्हणून प्रतिरोध असणारच असे म्हणायला तो अपुरा आहे.

अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला. तेथील २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी बाहेरून आलेल्या, पण आरोग्यसेवेशी संबंध आलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचा एक वेगळा वर्ग केला: वृद्धाश्रमातील, डायलिसिसवरील, नुकतेच रुग्णालयात राहून आलेले. या सर्वांना सुरुवातीपासून व्यापक औषधे देण्याचा प्रघात पडला. पुढे दिसले की त्यांतील बहुतेकांचे जंतू साधेच होते. व्यापक औषधांचा वापर वाढला, रुग्णांचे निकाल काही सुधारले नाहीत, आणि २०१९ च्या सूचनांनी तो वर्गच रद्द करायला सांगितला. त्याऐवजी त्यांनी दोन गोष्टींना वजन दिले: तोच प्रतिरोधक जंतू पूर्वी, विशेषतः श्वसनमार्गात, सापडलेला असणे, आणि गेल्या ९० दिवसांत रुग्णालयात राहून शिरेतून प्रतिजैविके घेतलेली असणे.

अतिदक्ष

मी आयसीयूत डॉक्टर आहे. संख्याशोध यांचे म्हणणे कागदावर बिनचूक आहे, पण खाटेजवळ उभे राहिल्यावर गणित थोडे बदलते. ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, त्याच्या बाबतीत सहातील एक ही शक्यता मला छोटी वाटत नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब असा कोसळतो तेव्हा, योग्य औषधाला होणारा उशीर जीवावर बेततो. तेथे मी आधी व्यापक औषध देतो आणि मग विचार करतो. ज्याला नुसता ताप आहे आणि जो माझ्याशी बोलतो आहे, त्याच्यासाठी कल्चरची वाट पाहता येते. जोखीम घटकांचे वजन आजाराच्या तीव्रतेबरोबर बदलते, आणि हे कोणत्याही यादीत नीट उतरत नाही.

व्हेंटिलेटरवरील न्यूमोनियापुरते बोलायचे तर २०१६ च्या अमेरिकी सूचनांत बहुऔषधरोधक जंतूंचे पाच जोखीम घटक दिले आहेत. गेल्या ९० दिवसांत शिरेतून प्रतिजैविके घेतलेली असणे, न्यूमोनियाच्या वेळी सेप्टिक शॉक असणे, त्याआधी फुप्फुसांना तीव्र सूज येऊन प्राणवायू घटलेला असणे, त्याआधी रुग्णालयात पाच किंवा अधिक दिवस काढलेले असणे आणि त्याआधी तातडीचे डायलिसिस लागलेले असणे. मधुमेह आणि वय त्यांत नाही, हे लक्षात घ्या. मधुमेहाने संसर्ग होण्याची शक्यता वाढते. तो प्रतिरोधकच असेल असे त्यावरून ठरत नाही.

मात्र चौथ्या दिवशी मेरोपेनेम सुरू केले म्हणून मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही. व्हेंटिलेटरवर ताप आणि छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला, तर मीही कदाचित तेच केले असते. मला खटकते ते पुढचे. थुंकीत काही निघाले नाही, हा निकाल दोन-तीन दिवसांत हातात आला असणार. त्या दिवशी औषध थांबवायचे की नाही हा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारायला हवा होता. आमच्या व्यवसायात औषध सुरू करायला एक सही लागते आणि थांबवायला धैर्य लागते. थांबवल्यावर रुग्ण बिघडला तर बोट माझ्याकडे, चालू ठेवल्यावर प्रतिरोध आला तर बोट कोणाकडेच नाही.

आणि दिवस कमी केल्याने नुकसान होत नाही याचा पुरावा आता भक्कम आहे. फ्रान्समधील ५१ आयसीयूंत ४०१ रुग्णांवर झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हा सर्वांना तोंडपाठ असतो. व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियासाठी आठ दिवस औषध घेतलेल्यांत आणि पंधरा दिवस घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सारखेच राहिले. ज्यांना फुप्फुसाचा संसर्ग पुन्हा झाला, त्यांच्यात बहुऔषधरोधक जंतू आठ दिवसांच्या गटात ४२ टक्के आणि पंधरा दिवसांच्या गटात ६२ टक्के होते. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत आठ दिवसांनंतर संसर्ग उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले होते, तेवढी ग्यानबाची मेख त्यात आहे. रक्तातील संसर्गाविषयी २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीतही सात दिवस चौदा दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत.

रात्रपाळी यांच्याशी एका बाबतीत माझा थोडा मतभेद आहे. नळी काढण्याचा प्रश्न रोज विचारावा हे मान्य, पण शॉकमधील रुग्णाची तासातासाची लघवी मोजल्याशिवाय मला सलाईन आणि औषधांचा अंदाज येत नाही. पहिले चार-पाच दिवस ती नळी बहुधा आवश्यकच होती. व्हेंटिलेटर निघाल्यावर ती का राहिली, हा प्रश्न मात्र मीही विचारला असता.

सूक्ष्मदर्शक

जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे नकळत कसा जातो, याचे एक नोंदलेले उदाहरण येथे देण्यासारखे आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील मेरिलंड राज्यात, राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या संशोधन रुग्णालयात, कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातील औषधांना, न जुमानणाऱ्या क्लेबसिएलाची साथ आली. पहिली रुग्ण ज्ञात वाहक होती, तिला वेगळे ठेवले होते आणि ती जुलैमध्ये बरी होऊन घरीही गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच जंतू सापडला. एकूण १८ जणांना लागण झाली, ११ जण दगावले आणि त्यांतील सहा मृत्यूंचे कारण हा संसर्गच होता. जंतूंच्या संपूर्ण जनुकक्रमाची तुलना केल्यावर कळले, की सगळे धागे त्या पहिल्या रुग्णाकडेच जातात. मधल्या काळात लक्षणे नसलेल्या वाहकांतून तो फिरत होता. काही खोल्यांच्या बेसिनच्या निचऱ्यात आणि स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो आढळला. साधने आणि मनुष्यबळ यांची जेथे वानवा नाही, अशा ठिकाणी हे घडले. म्हणून ‘आमच्याच वाट्याला का’ या प्रश्नाला पुष्कळदा नावानिशी उत्तर मिळत नाही.

अनुत्तरित

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना गोळ्यांविषयीचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला.

एक नवी अडचण आली आहे. कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही परवा पुन्हा लघवीचे कल्चर केले आणि त्यात तोच क्लेबसिएला आला आहे. ताप नाही, जळजळ नाही, लघवी नेहमीसारखी होते. रिपोर्ट पाहून एकाने इंजेक्शनांचा कोर्स सुचवला आहे. तो घ्यावा का? आणि घरात आई व लहान मुले आहेत, त्यांना काही धोका आहे का?

सूक्ष्मदर्शक

अंतिम निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा, पण त्यांना हे जरूर विचारा: लक्षणे नसताना केवळ लघवीत जंतू दिसतात म्हणून प्रतिजैविक का? गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होण्यासारखी शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण असे मोजके अपवाद सोडले, तर अशा स्थितीत उपचार करू नयेत असेच सूचना सांगतात. मधुमेह हा त्या अपवादांत मोडत नाही. औषधाने जंतू काही दिवस मागे हटतो आणि पुष्कळदा परत येतो, आणि तेवढ्यात आतड्यातील राखणदार पुन्हा मारले जातात. वाहकाची अवस्था काही महिने, कधी वर्षभरही टिकते आणि बऱ्याच जणांत ती आपोआप ओसरते, अट एवढीच, की मध्ये पुन्हा प्रतिजैविकांचा मारा होऊ नये. ताप आला, थंडी वाजली, कंबरेत दुखू लागले किंवा ते गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर मात्र लगेच दाखवा.

घरातील निरोगी माणसांसाठी संडासनंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे पुरेसे आहे. वडिलांची ताटवाटी वेगळी काढू नका, नातवंडांना जवळ घेऊ द्या. घरातल्या कोणाला पुढे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर घरात असा वाहक आहे हे तेवढे सांगा.

वडील स्वतः पुन्हा दाखल झाले, तर तो जुना रिपोर्ट पहिल्या तासात डॉक्टरांच्या हातात पडला पाहिजे. वर ज्या साऱ्या घटकांची चर्चा झाली, त्यांत पुढच्या वेळी हाच सर्वांत वजनदार ठरेल. त्यावरून पहिले औषध बदलेल, आणि गुदद्वाराजवळचा स्वॅब घेऊन त्यांना वेगळे ठेवायचे का, तेही ठरेल.

रात्रपाळी

रिपोर्टची प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि त्याच कागदावर गेल्या सहा महिन्यांतील प्रत्येक प्रतिजैविकाचे नाव आणि ते कधीपासून कधीपर्यंत घेतले हे लिहा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे ते तीन दिवसही. शक्य असेल तर प्रत्येक नळी कोणत्या तारखेला घातली आणि कोणत्या तारखेला काढली, तेही आठवून नोंदवा. घातल्याची तारीख एखादवेळी केसपेपरवर मिळते. काढल्याची तारीख मी इतकी वर्षे शोधते आहे, ती डिस्चार्ज कार्डावर मला क्वचितच सापडली आहे.